गुरुवारचा क्लेम्सचा आकडा कमी येतोय, मग आमच्या ओळखीतले इतके जण घरी कसे?

शेवंती_एडिसन
नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

इथे अमेरिकेत दर गुरुवारी सकाळी साडेआठला कामगार खातं मागच्या आठवड्यात किती जणांनी नव्याने अनएम्प्लॉयमेंटचा क्लेम (बेकारी भत्त्याचा अर्ज) भरला तो आकडा देतं. मुलीला स्कूलबसपर्यंत सोडून येते, चहा गॅसवर ठेवते आणि फोनवर तो आकडा बघते. ही सवय पाच आठवड्यांपासूनची, कारण पाच आठवड्यांपूर्वी माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. प्रत्येक वेळी आकडा सव्वादोन लाखाच्या आगेमागे आणि बातमीत तेच वाक्य, की लेऑफ कमी आहेत, बाजार भक्कम आहे. आणि आमच्या गणेशोत्सवाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सहा घरं अशी आहेत की नवरा-बायकोपैकी एक जण घरी बसलाय, दोघांना तर आठ महिने झाले. आकडा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही, मला तो समजून घ्यायचाय.

दुसरं, नवरा क्लेम भरायलाच तयार नाहीये. म्हणतो सेव्हरन्स (काढताना कंपनीने दिलेले पैसे) मिळालाय ना, आणि सरकारपुढे हात कशाला पसरायचा. ग्रीन कार्ड आहे आमचं, म्हणजे व्हिसाचा प्रश्न नाही. मी फार आग्रह केला की उठून बेसमेंटमध्ये जातो. कोणी अनुभवी असेल तर प्लीज सांगा.

आकडेमोड
शेवंतीताई, चांगला प्रश्न काढलात. माझं कामच श्रमबाजाराच्या आकड्यांचं आहे त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तुम्ही बघता तो आकडा 'इनिशियल क्लेम्स'चा, म्हणजे रविवार ते शनिवार या आठवड्यात किती अर्ज आले तो. मंजूर झाले की नाही याचा त्यात संबंध नाही, नंतर नाकारला गेलेला अर्जही त्यात धरलेला असतो. पुढच्या गुरुवारी तो थोडा दुरुस्त होतो आणि एकेक आठवडा फार वरखाली होतो म्हणून आम्ही चार आठवड्यांची सरासरी बघतो.

आता तुमचा खरा प्रश्न. या देशात जवळजवळ १६ कोटी पगारी नोकऱ्या आहेत. दर महिन्याला जॉल्ट्स नावाचा वेगळा सर्व्हे येतो, त्यात महिन्याला साधारण १६ ते १८ लाख लोकांना कंपन्या काढतात असं दिसतं, म्हणजे आठवड्याला चार लाखाच्या आसपास. आणि क्लेम भरणारे सव्वादोन लाख! काढलेल्यांपैकी पुष्कळ जण क्लेम भरतच नाहीत. काहींची पुरेशी कमाई नोंदलेली नसते, काहींना लगेच दुसरं काम मिळतं, काही कंत्राटी म्हणून पात्रच नसतात, काहींना वाटतं आपल्याला मिळणार नाही. आणि काही तुमच्या यजमानांसारखे, भरायचाच नाही म्हणणारे. तुम्ही ज्या आकड्यात आपल्या घराला शोधताय त्यात तुमचं घर अजून गेलेलंच नाही.

ऑस्टिनचा_अण्णा
आणि आम्ही एच-१बीवाले (म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावरचे) तर मोजणीतच नाही!! २०२३ मध्ये माझी नोकरी गेली तेव्हा मी पण हेच विचारलं होतं. क्लेमसाठी एक अट असते की तुम्ही काम करायला सक्षम आणि 'उपलब्ध' पाहिजे. आमची कामाची परवानगी त्या एका मालकाला बांधलेली, तो मालक गेला की आम्ही कागदोपत्री दुसरीकडे कामाला उपलब्ध नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी नकारच येतो. राज्याराज्यात थोडा फरक असतो तेव्हा आपापल्या वकिलाला विचारा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. त्यात साठ दिवसांची मुदत, त्यात नवी कंपनी शोधून तिच्याकडून व्हिसाचं पिटीशन (अर्ज) फाईल व्हायला पाहिजे नाहीतर स्टेटस बदला किंवा बॅगा भरा. मी पंचावन्नाव्या दिवशी वाचलो. ते दिवस असे होते की बायको फ्रिजवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची आणि मुलाने एकदा विचारलं बाबा आपण काय मोजतोय, मी म्हटलं आजीकडे जायचे दिवस.

त्या साठ दिवसांत मी कुठल्याच गुरुवारच्या आकड्यात नव्हतो. माझ्याबरोबर काढलेल्या अकरा जणांपैकी सात जण एच-१बी होते, ते पण नव्हते. म्हणून आपल्या लोकांच्या ग्रुपवर बघितलं की वाटतं सगळं बुडालं आणि टीव्ही म्हणतो सगळं ठीक. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे.

जाता जाता, कंपनीने मुदतीआधी काढलं तर मायदेशी परतायचा वाजवी प्रवासखर्च देणं कंपनीवर बंधनकारक आहे. बऱ्याच जणांना माहीत नसतं.

रोखठोक
मग कशाला बघायचा तो आकडा? ज्यात निम्मे लोक नाहीत, एच-१बी नाहीत, उबरवाले नाहीत, त्यावर शेअर बाजार उड्या मारतो. माझ्या मते बंद करा बघणं आणि सरळ रेझ्युमे पाठवत राहा.

आकडेमोड
रोखठोक, राग समजू शकतो पण इथे मी सहमत नाही. हा सर्व्हे नाही, खरी मोजणी आहे, पन्नास राज्यांच्या टेबलांवर आलेले अर्ज. आणि जवळजवळ कुठलाच दुसरा आकडा इतक्या लवकर येत नाही, शनिवारी संपलेला आठवडा गुरुवारी हातात. महिन्याच्या जॉब्स रिपोर्टची वाट बघत बसलो असतो तर २०२० चा मार्च कळायला एप्रिल उजाडला असता.

आठवतंय ना ते? १४ मार्चला संपलेल्या आठवड्यात २ लाख ८२ हजार. पुढच्याच आठवड्यात ३२ लाखांच्या वर. त्याच्या पुढच्या आठवड्यात पहिल्या मोजणीत ६६ लाख. त्याआधीचा विक्रम होता १९८२ च्या ऑक्टोबरमधला, ६ लाख ९५ हजार. २००९ च्या मंदीतही शिखर ६ लाख ६५ हजारच होतं. पन्नास वर्षांचा आलेख एका उभ्या रेघेपुढे जमिनीला चिकटलेला दिसतो. मी त्या दिवशी ऑफिसच्या कॉलवर होतो आणि आकडा आल्यावर अर्धा मिनिट कोणीच काही बोललं नाही.

हो, त्याला वाचायचं कसं ते शिकावं लागतं. दरवर्षी जुलैमध्ये मोटारींचे कारखाने नव्या मॉडेलसाठी काही दिवस बंद असतात, मिशिगनसारख्या राज्यांत क्लेम वाढतात, म्हणून सरकार त्या हंगामाची वजावट करूनच आकडा देतं. एखाद्या वर्षी कारखाने नेहमीच्या वेळी बंद झालेच नाहीत की वजावट तर होतेच आणि आकडा उगाच कमी दिसतो. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात ऑफिसंच बंद, म्हणून अर्ज कमी. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये हेलीन वादळानंतर एकदम २ लाख ५८ हजार झाले, ती मंदी नव्हती, पाऊसपाणी होतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये २ लाख ६३ हजार आला, सगळे घाबरले, मग कळलं की टेक्सासमध्ये दुसऱ्यांच्या नावाने खोटे अर्ज भरायचा प्रकार वाढला होता. म्हणून एका गुरुवारवरून काही ठरवू नये.

तळेगावकर
मी पुण्याजवळ राहतो, अमेरिकेशी संबंध एवढाच की मुलगी तिकडे आहे. पण हा धागा वाचून वडिलांची आठवण झाली म्हणून लिहितो.

वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. ७२ च्या दुष्काळात गावोगावी दुष्काळी कामं निघाली, पाझर तलाव, नालाबांध, खडी फोडणे. दर आठवड्याला प्रत्येक कामावरची मजूर उपस्थिती तालुक्याला यायची, तिथून जिल्ह्याला. वडील घरी कंदिलाच्या उजेडात मस्टरच्या बेरजा करत बसायचे, मी आठनऊ वर्षांचा असेन, मला एक रकाना बेरजेला द्यायचे. ते म्हणायचे पाऊस पडला की नाही ते मला आभाळाकडे बघून नाही कळत, मस्टरवर कळतं. एका आठवड्यात एखाद्या गावाचा आकडा दुप्पट झाला की समजायचं तिथल्या विहिरी आटल्या, बागाईतदाराची बाई पण खडी फोडायला आली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती.

पुढे विधान परिषदेचे सभापती वि. स. पागेसाहेबांच्या प्रयत्नांतून रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ ला. त्यात काम मागितल्यावर पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता द्यायची तरतूद आहे. म्हणजे मागणारा याचक नाही, हक्कदार आहे, हे आपल्या मातीतच कायद्याने लिहून ठेवलंय. शेवंतीताई, हे यजमानांना जरूर सांगा. आमच्या गावात पाटलाच्या घरातली माणसं पण त्या कामावर गेली होती आणि कोणी त्यांना कमी लेखलं नाही, उलट पोरं उपाशी ठेवली नाहीत म्हणून मान राहिला.

पाटीपेन्सिल
तळेगावकर काका __/\__

शेवंती, तू एडिसनची ना, मी पण न्यू जर्सीतच. यजमानांची जुनी पेस्लिप काढ आणि कपातीच्या रकान्यात बघ, यूआय (अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, बेकारी विमा) लिहिलेली एक छोटी ओळ असेल. बहुतेक राज्यांत हा कर फक्त मालक भरतो पण न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन ठिकाणी कामगाराच्या पगारातूनही कापतात. इतकी वर्षं हप्ता भरलाय त्यांनी. गाडीला धक्का लागला की इन्शुरन्स क्लेम करताना आपण लाजतो का? नाही ना. मग?

आणि सेव्हरन्सबद्दल. एकरकमी सेव्हरन्स मिळाला म्हणून न्यू जर्सीत क्लेम अडत नाही. कंपनीने पगारच पुढे चालू ठेवला असेल किंवा नोटिशीच्या बदल्यात पगार दिला असेल तर ती गोष्ट वेगळी, ते पत्र नीट वाचा. टेक्सासला वेगळे नियम आहेत तेव्हा दुसऱ्या राज्यातल्या मित्राचं ऐकू नका.

सगळ्यात महत्त्वाचं!!! क्लेम ज्या आठवड्यात भरला त्या आठवड्याच्या रविवारपासून सुरू होतो. नोकरी गेली त्या दिवसापासून नाही. मागचे आठवडे सहसा मिळत नाहीत. इथे सरासरी आठवडी पगाराच्या ६० टक्के, पण वर मर्यादा, २०२५ साली ती आठवड्याला ८७५ डॉलर होती. पाच आठवडे म्हणजे किती झाले बघ.

शेवंती_एडिसन
चार हजारांच्या वर... मला हे माहीतच नव्हतं. मला वाटायचं कधीही भरला तरी पहिल्या दिवसापासून धरतात.

काका, तुमची पोस्ट त्याला वाचून दाखवली. काही बोलला नाही पण उठूनही गेला नाही. त्याची आजी सांगोल्याकडची, ती दुष्काळी कामावर जायची हे त्याने मला लग्नानंतर पंधरा वर्षांनी आज सांगितलं.

वसुधा_बे_एरिया
८७५ ऐकून हेवा वाटला. कॅलिफोर्नियात आठवड्याला जास्तीत जास्त ४५० आहे आणि ते २००५ पासून तेवढंच आहे! इथे ४५० मध्ये आठवड्याचं भाडंही निघत नाही. फ्लोरिडात २७५, मिसिसिपीत २३५. एकच देश, एकच नोकरी, आणि राज्याची सीमा ओलांडली की इतका फरक. मुदतही तशीच, बहुतेक राज्यांत २६ आठवडे, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिनात १२ वर आणून ठेवलीय. तिथल्या लोकांना इतका कमी मिळतो म्हणून ते भरतही कमी, आणि मग त्या राज्याचा आकडा छान दिसतो. मला हे मनापासून चुकीचं वाटतं.

शेवंती, तू पहिला आकडा बघतेस, मी दुसरा बघायला लागले, 'कंटिन्यूइंग क्लेम्स', म्हणजे आधीच क्लेमवर असलेले आणि अजून दर आठवड्याला भरणारे. तो आणखी एक आठवडा उशिरा येतो. २०२२ च्या उन्हाळ्यात तो १३ लाखांच्या आसपास होता. २०२५ च्या उन्हाळ्यात १९ लाखांच्या वर गेला, २०२१ च्या नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा इतका. नव्याने भरणारे तेवढेच, पण एकदा आत गेलेला माणूस बाहेर येत नाहीये. तुझ्या ग्रुपवरची आठ महिन्यांची दोन घरं त्याच गोष्टीची आहेत.

आणि अजून एक, जे मी स्वतः भोगलंय. माझे २६ आठवडे संपले तेव्हा नोकरी मिळाली नव्हती. पुढच्या आठवड्यात मी त्या आकड्यातून गळले. बातमी आली असेल की कंटिन्यूइंग क्लेम्स कमी झाले, चांगली गोष्ट. मी मात्र त्याच टेबलाशी बसून अर्ज पाठवत होते.

आकडेमोड
वसुधाताईंनी अगदी नेमकं सांगितलं. क्लेम्स फक्त एक दार मोजतात, कंपनीतून बाहेर पडायचं. आत घ्यायचं दार किती उघडंय ते यात कळत नाही. सध्याचं चित्र असं की कंपन्या फारसं काढत नाहीत आणि घेतही नाहीत. नोकरीत असलेल्याला सगळं शांत वाटतं, बाहेर पडलेल्याला भिंत लागते. म्हणून आता मी तरी गुरुवारी पहिली ओळ सोडून दुसरी ओळ आधी वाचतो.

रोखठोक
ठीक आहे, मान्य. मी पण चौदा आठवडे घरी आहे म्हणून तसं लिहिलं गेलं. क्लेम भरलाय. माझ्या राज्याचं नाव नाही सांगत, पण पोर्टलने ओळख पटवण्यासाठी मला तीनदा लायसन्सचा फोटो मागितला आणि पहिले पैसे यायला सात आठवडे लागले. फोन लावला की मशीन म्हणायचं आज लाईन्स फुल आहेत, उद्या करा, आणि आपोआप कट. शेवटी सकाळी आठ वाजायच्या आत फोन हातात धरून बसायचं, आठ वाजता लावायचा, असं नवव्या दिवशी माणूस भेटला. त्या बाई फार चांगल्या होत्या, दहा मिनिटांत सोडवलं. म्हणून सांगतो, पैसे अडकले तरी दर आठवड्याचं सर्टिफिकेशन (अजून काम नाही असं पोर्टलवर कळवणं) चुकवू नका. मी एक आठवडा रागाने भरलं नाही, त्या एका आठवड्यासाठी अजून भांडतोय.

ऑस्टिनचा_अण्णा
रोखठोक भाऊ, मेसेज केलाय, बघा. आमच्याकडे एक ओपनिंग आहे, रेझ्युमे पाठवा.

तळेगावकर
एक प्रश्न, आपल्याकडे असं काही का नाही? भाचा हिंजवडीत होता, त्याला काढलं, त्याला तर काहीच मिळालं नाही.

आकडेमोड
काका, आहे पण फार थोड्यांसाठी. ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा) २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली, नोकरी गेली तर जास्तीत जास्त ९० दिवस भत्ता. पण ईएसआयची पगारमर्यादा महिना २१ हजार, त्यामुळे तुमचा भाचा त्यात बसत नाही. आणि बहुसंख्य कामगार असंघटित क्षेत्रातले, ते पण नाही. दर आठवड्याला मोजायला अर्ज यायला हवेत, अर्ज यायला हक्क हवा. आपल्याकडे मस्टर होतं ते ग्रामीण मजुराचं. शहरातल्या माणसाचं मस्टर कधी झालंच नाही.

शेवंती_एडिसन
अपडेट. रविवारी रात्री जेवणं झाल्यावर त्याने स्वतःच लॅपटॉप उघडला. मी शेजारी बसले, भाजी निवडायचं निमित्त करून. जुन्या कंपनीचा पत्ता, शेवटचा दिवस, काढण्याचं कारण. 'लॅक ऑफ वर्क' वर टिक करताना थांबला आणि म्हणाला बघ, इथे माझी चूक असा पर्यायच नाही. पाच आठवड्यांत हे पहिलं वाक्य त्याने त्या विषयावर आपणहून बोललं. मग पेस्लिप मागितली आणि ती यूआयची ओळ कॅल्क्युलेटरवर सगळ्या वर्षांची बेरीज करून बघत बसला.

पाटीपेन्सिल, एक विचारायचंय. त्याला कम्युनिटी कॉलेजमध्ये आठवड्याला दोन संध्याकाळ शिकवायचं काम मिळतंय, पगार महिन्याने येणार. मग त्या आठवड्यांचं काय? घेऊ नये का?

पाटीपेन्सिल
घ्या, नक्की घ्या! पार्टटाइम केलं तरी थोडा क्लेम मिळतो इथे. आठवड्याच्या रकमेत २० टक्के मिळवायचे, त्यातून त्या आठवड्याची कमाई वजा, उरेल ते देतात. उदाहरणार्थ रक्कम ८०० असेल तर ९६०, त्यातून ३०० कमावले तर ६६० मिळतील. फक्त पूर्ण वेळाच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त तास नकोत, दोन संध्याकाळींना तसं होणार नाही.

पण इथेच लोक चुकतात. कमाई ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात दाखवायची, पैसे हातात येतील तेव्हा नाही. आणि कर कापायच्या आधीची रक्कम. माझ्या बहिणीने चेक आल्यावर दाखवली, वर्षभराने जास्त दिल्याची नोटीस आली आणि सगळं परत भरावं लागलं. आणि या पैशांवर फेडरल टॅक्स लागतो, जानेवारीत १०९९-जी हा टॅक्सचा फॉर्म येतो, म्हणून आत्ताच १० टक्के कापायला सांगा.

शनिवारी रात्री तास लिहून ठेवायची सवय लावा. तारीख, तास, दर. साधी वही पुरे.

शेवंती_एडिसन
मुलीची अर्धी उरलेली गणिताची वही घेतलीय. पहिल्या पानावर त्याने रकाने आखलेत. काका, तुमच्या वडिलांच्या मस्टरसारखेच, शेवटी बेरजेचा.